हिरव्या पट्टीची चकती

चौदा नंबरची बस डेपोत शिरली की हातातलं काम टाकून लोक बघायला थांबत. इंजीन बंद होई, दार उघडे आणि ड्रायव्हर सीटवर जसे बसलेले असत तसेच्या तसे खाली उतरत. पाय जमिनीवर, पण बाकीचा देह अजून गाडीच चालवत असे. गुडघे वाकलेले, कंबर वाकलेली, हात पुढे आणि मुठी स्टिअरिंगएवढ्या अंतरावर. त्याच अवस्थेत ते नोंदवहीच्या खिडकीपर्यंत चालत जात, सही ठोकत, मग भिंतीला पाठ लावून इंचाइंचाने उलगडत. पूर्ण उभे व्हायला त्यांना दहा मिनिटं लागत. आता एवढं सगळं रोज बघितल्यावर डेपोने त्यांचं नाव काटकोनराव ठेवलं, तर त्यात डेपोचं काय चुकलं?

काटकोनरावांचं पाठीशी वैर तेवीस वर्षांचं होतं. चौदा नंबरचा रस्ता म्हणजे खड्डे, खड्ड्यांच्या मध्ये गतिरोधक आणि गतिरोधकावर पुन्हा खड्डा. त्यात बसची सीट अशी, की तिची एक स्प्रिंग फोम फाडून वर आलेली. तिच्यापासून बचाव म्हणून त्यांनी सीटवर सात थर रचले होते. खाली पोतं, त्यावर सायकलची हवा भरलेली ट्यूब, मग जुनी रजई, लेकीच्या शाळेच्या दप्तरातला फोम, न्हाणीघरातली रबरी पट्टी, लाकडी मण्यांची चटई आणि सगळ्यांवर बायकोची विरलेली शाल. ही रचना इतकी उंच झाली होती, की डोकं टपाला लागू नये म्हणून त्यांना मान खाली घालून गाडी हाकावी लागे. उतारूंना वाटे, ड्रायव्हर फार विनम्र आहे.

पण काटकोनरावांचं खरं दुःख डेपोत कुणालाच माहीत नव्हतं. ते दुःख बुटांच्या नाड्यांचं होतं. ड्यूटीवर काळे, नाडीवालेच बूट घालायचे असा नियम, आणि वाकून नाडी बांधणं तर गेली सहा वर्षं त्यांच्या हातून झालं नव्हतं. रोज सकाळी ते न्हाणीघराच्या दाराशी खुर्चीच्या कडेला टेकत आणि बायको समोर फरशीवर बसून नाड्या बांधून देई. कधी एका शब्दाने कुरकुर नाही. बांधून झाल्यावर त्या दाराची चौकट धरून उठे आणि उठताना हलकेच म्हणे, "आई गं." आपल्या पाठीसाठी बिचारी किती कळवळते, असं काटकोनरावांना वाटे आणि दिवसभर त्या आधारावर बरं वाटे. तरीही पन्नाशीच्या माणसाने बायकोपुढे पाय करून बसायचं याची त्यांना फार लाज होती. एकदा, फक्त एकदा, आपल्या नाड्या आपल्या हाताने बांधायच्या, एवढीच आता त्यांची आयुष्याकडून मागणी उरली होती.

आणि एके दिवशी ती मागणी पुरी व्हायची वेळ आली. डेपो मॅनेजरांनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं, की मुख्य कचेरीने एक नवी सीट पाठवली आहे. हवेवर झुलणारी. हादरा खालून आला की ती त्याला पाठीपर्यंत पोचूच देत नाही.

"एकच?" कुणीतरी विचारलं.

"एकच. आणि ती वशिल्याने मिळणार नाही. ज्याची पाठ यंत्रावर सगळ्यात जास्त हादरेल, त्याला मिळेल."

सगळ्यांनी काटकोनरावांकडे बघितलं. काटकोनराव त्या वेळी भिंतीला टेकून अर्धे उलगडलेले होते. त्यांचा कंडक्टर, जो पंधरा वर्षं त्यांच्याच गाडीवर तिकिटं फाडत होता, तो म्हणाला, "यंत्र कशाला हवं? फूटपट्टी लावा की."

पण कचेरीला यंत्रच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्या बाई आल्या. त्यांनी प्रत्येक ड्रायव्हरला दोन काळ्या रबरी चकत्या दिल्या, भाकरीएवढ्या गोल आणि बोटभर जाड. एकीवर लाल पट्टी, एकीवर हिरवी.

"लाल पट्टीची बसमध्ये. तिच्यावर बसूनच गाडी चालवायची," बाई म्हणाल्या. "हिरवी घरी. जिथे बसता, पडता तिथे अंगाखाली घ्यायची. म्हणजे कामावर किती हादरता आणि घरी किती, दोन्ही कळेल. तीन दिवसांनी परत न्यायला येईन. आणि हो, चकतीशी छेडछाड झाली तर थेट निलंबन."

काटकोनरावांनी दोन्ही चकत्या छातीशी धरल्या. बसमध्ये चढल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला. चकती सीटवर ठेवावी, तर ती स्प्रिंग सरकारी रबरात घुसणार आणि निलंबन होणार. थर काढावेत, तर स्प्रिंग आपल्यातच घुसणार. खूप विचार करून त्यांनी चकती सातही थरांच्या वर, शालीच्या घडीत नीट ठेवली आणि तिच्यावर बसले. डोकं टपाला आणखी बोटभर जवळ गेलं.

घरी गेल्यावर हिरव्या चकतीवर ते दहा मिनिटं झोपून बघायला गेले. घरी ते खुर्चीत बसत नसत, फरशीवर उताणे पडून राहत. चकती नेमकी दुखऱ्या मणक्याखाली आली. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली, 'उद्या बघू' म्हणाले आणि उद्या बघायचं विसरले. दिवसभर बस हाकलेल्या माणसाला घरी आल्यावर फरशीखेरीज काही आठवत नाही.

त्या तीन दिवसांत एकच गोष्ट त्यांच्या कानाला वेगळी लागली. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात न्हाणीघरात वॉशिंग मशीन चाले आणि त्या वेळात बायको बंद दाराआडून जे बोले, ते थरथरत येई. "चहा ओ-ओ-ओट्यावर आ-आ-आहे," असं. दारामुळे तसं ऐकू येतं, हा काटकोनरावांचा अकरा वर्षांचा समज होता. पण ते तीन दिवस तिचा आवाज एकदम सरळ आला, तोही स्वयंपाकघरातून. आता ती दारं उघडी ठेवते वाटतं, असं म्हणून ते कुशीवर वळले.

चौथ्या दिवशी मोजणीवाल्या बाई घरी येऊन हिरवी चकती घेऊन गेल्या, बसमधून लाल घेतली, आणि आठवड्याने काटकोनरावांना मॅनेजरांच्या खोलीत बोलावणं आलं. कंडक्टरही मागून आत घुसला. सीट आपल्याच गाडीला लागणार, तेव्हा साक्षीला असावं म्हणून.

मोजणीवाल्या बाईंच्या पुढ्यात दोन आलेख होते. एक सपाट होता. दुसरा बघून कुणालाही घेरी आली असती.

"हा सपाट," बाई म्हणाल्या, "तुमच्या बसचा."

"बसचा?"

"चौदा नंबर. अख्ख्या डेपोत इतकी मऊ गाडी दुसरी नाही. आणि हा दुसरा, तुमच्या घरचा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रोज सकाळी साडेसहा ते साडेसात तुमचं शरीर खडी फोडण्याच्या यंत्राइतकं हादरतंय. मी अकरा डेपो तपासले, असा आकडा कुठे बघितला नाही. तुम्ही घरी त्या वेळात करता तरी काय?"

कंडक्टर उगाचच खोकला.

"मी पडलेला असतो," काटकोनराव म्हणाले.

मॅनेजर पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

काटकोनरावांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला नाही. तो पडला संध्याकाळी, घरी.

"हिरव्या पट्टीची चकती? अहो, ती मशीनच्या पायाखाली घातली होती मी," बायको म्हणाली. "त्याचा एक पाय तुटलाय ना. इतकी नेमकी बसली, की विचारू नका. त्या न्यायला आल्या तेव्हा काढून, पुसून दारातच दिली. मला वाटलं होतं, आपल्यालाच दिलीय."

काटकोनराव फरशीवर आडवे झाले. खरं सांगावं, तर सरकारी यंत्र कपडे धुण्याच्या मशीनखाली घातलं म्हणून निलंबन. न सांगावं, तर त्यांचं घर सरकारदरबारी खडीयंत्र ठरणार. चकती यायच्या आधी मशीन जागेवर कसं राहायचं, हा प्रश्न मात्र त्यांना सुचला नाही. माणूस स्वतःच्या पाठीवर पडलेला असला की त्याला छतच दिसतं.

त्यांनी गप्प राहायचं ठरवलं आणि मग कचेरीने आपलं काम चोख केलं. आठ दिवसांत तीन हुकूम आले. पहिला हुकूम असा, की सदर ड्रायव्हरच्या प्रकृतीला घर धोकादायक असल्याने त्यांनी घरी कमीत कमी थांबावं. त्यासाठी त्यांना रोज चार तास जादा ड्यूटी देण्यात येत आहे. दुसरा हुकूम सात थरांबद्दल होता. इतका सपाट आलेख ज्या बैठकीने दिला ती बैठक अभ्यासासाठी ताब्यात घेण्यात यावी. अभ्यास मॅनेजरांच्या जीपमध्ये, त्यांच्याच सीटवर सुरू झाला. पोत्यापासून शालीपर्यंत सगळं गेलं आणि काटकोनराव तेवीस वर्षांत पहिल्यांदा स्प्रिंगला समोरासमोर भेटले.

तिसरा हुकूम घेऊन मेकॅनिकच घरी आला. सोबत दोन माणसं आणि हवेवर झुलणारी सीट.

"कुठे ठोकू?" त्याने विचारलं.

"काय?"

"सीट. हुकमात लिहिलंय, जिथे हादरा जास्त तिथे बसवावी. तुमचा हादरा घरी आहे."

"अरे, पण मी बस बाहेर चालवतो," काटकोनराव कळकळीने म्हणाले. "घरात चालवत नाही."

"ते मला नका सांगू, मी मेकॅनिक आहे," असं म्हणून त्याने फरशीत चार भोकं पाडली. बाहेरच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून सीट पक्की झाली. हवा भरायला पायाने दाबायचा पंप मिळाला. सीटला पट्टा होता आणि पट्टा न लावता कुणी बसलं तर ती लहान मुलासारखी भोकाड पसरे. ती सोय बंद करता येत नाही, असं मेकॅनिकने जाता जाता अभिमानाने सांगितलं.

काटकोनराव पहिल्या दिवशी तिच्यावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. पाठ आहे हेच विसरायला झालं. पण जादा ड्यूटीमुळे त्यांच्या वाट्याला ती सीट दिवसाकाठी पाव तास यायची. उरलेल्या वेळात ती रिकामी पडायची आणि घरात रिकामी जागा बायको कधीच वाया जाऊ देत नाही.

"हवा टिकते का, तेवढं बघतेय," पहिल्या दिवशी ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पट्टा लावून तिने तिथेच भाजी निवडली. आठवड्याने काटकोनराव दुपारी डबा न्यायला आले, तर ती पट्ट्यात अडकलेली, मान कलती टाकून गाढ झोपली होती आणि सीट तिला हळूहळू झुलवत होती. त्यांनी डबा आपला आपण शोधला. तोंडावर काही बोलले नाहीत, पण बसमध्ये कंडक्टरपाशी मन मोकळं केलंच.

"माझ्या नावची सीट, आणि झोपते ती."

"बसू द्या हो. वहिनींना काय, हौस."

"हौसेचं नाही रे. पण आजकाल नाड्या बांधून उठताना ती 'आई गं'सुद्धा म्हणत नाही. पूर्वी माझ्यासाठी कळवळायची. आता सटकन उठते आणि जाते."

इकडे सात थर गेल्यापासून चौदा नंबरच्या रस्त्याने काटकोनरावांच्या मणक्यांची मोजदाद चालवली होती. भिंतीला टेकून उलगडायला आता पंचवीस मिनिटं लागत. अशात मोजणीवाल्या बाई पुन्हा आल्या. दोन महिन्यांनी फेरमोजणी करायची असा नियमच होता.

"या वेळी सोपं आहे," घरी हिरवी चकती देताना बाई म्हणाल्या. "ही त्या सीटवरच ठेवा. घर शांत आलं आणि बस हादरली, तर सीट काढून बसमध्ये लावू. लाल चकती उद्या सात वाजता मी स्वतः डेपोत लावणार, तेव्हा जरा लवकर या."

त्या संध्याकाळी काटकोनराव किती महिन्यांनी गुणगुणले. बस हादरणार यात शंकाच नव्हती. घरी त्यांनी हिरवी चकती आपल्या हाताने सीटवर ठेवली आणि बायकोला बजावून सांगितलं, "या वेळी हिला हात लावायचा नाही. तीन दिवस. मग सीट माझी."

"नाही लावत," बायको म्हणाली. तिने सीटच्या हातावरून एकदा धूळ झटकावी तसा हात फिरवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ते कपडे घालून, बूट चढवून खुर्चीच्या कडेला टेकले. न्हाणीघरात मशीन चालू होतं.

"अगं, नाड्या. आज लवकर जायचंय."

दाराआडून उत्तर आलं, पण ते इतकं थरथरत होतं की त्यातून काही अर्थ लागेना. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा थरथर. शेवटी ते नाड्या फरफटवत गेले आणि अकरा वर्षांत प्रथमच, मशीन चालू असताना त्यांनी न्हाणीघराचं दार ढकललं.

बायकोने मशीनला मिठी मारली होती. दोन्ही हात दोन बाजूंनी, पोट दाबलेलं, हनुवटी झाकणावर आणि पाय मागच्या भिंतीला रोवलेले. मशीन तिच्यासकट उडत होतं. त्याच्या तुटक्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती आणि तीही निसटून बाजूला पडली होती.

"हे काय करतेयस?"

"क-क-कपडे धुतेय."

"असे?"

"मग क-क-कसे? सोडलं तर हे दा-दा-दारातून बाहेर येतं. एकदा स्वयंपाकघरात आ-आ-आलं होतं."

"रोज धरतेस?"

"अकरा व-व-वर्षं."

काटकोनरावांना समोर तो दुसरा आलेख दिसला. साडेसहा ते साडेसात. अकरा डेपोंत असा आकडा नाही. यंत्र खोटं बोललं नव्हतं. घरात खरोखरच एक पाठ खडीयंत्रावर बसलेली होती, फक्त ती कुणाची याची चौकशी करायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि ते 'आई गं', जे त्यांनी सहा वर्षं आपल्या नावावर जमा करून घेतलं होतं, तेही त्यांचं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की नाड्यांची लाज तिच्यापुढे काहीच नव्हती.

त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन दोन उड्या मारून थांबलं.

"मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुमचं पाठीचं चालू होतं ना." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "एका घरात दोघांनी एकच रडगाणं कशाला गायचं?"

काटकोनराव वळले. बाहेरच्या खोलीत गेले, सीटवरची हिरव्या पट्टीची चकती उचलली आणि परत आले. मग जे सहा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. टप्प्याटप्प्याने, नळ धरून, बादली धरून, ते खाली वाकत एका गुडघ्यावर आले. मणके कुरकुरले, पण पोचले. मशीन खांद्याने तिरकं करून त्यांनी चकती तुटक्या पायाखाली सरकवली.

"अहो, हे काय? पुन्हा घर हादरलेलं येईल त्या कागदात," बायको म्हणाली.

"येऊ दे. हादरतंच आहे."

"आणि तुमची सीट?"

"ती जिथे लागायची तिथेच लागलीय. जा, बस जाऊन. मशीनकडे मी बघतो. आणि रविवारी याचा पाय करून आणतो."

ती पदर खोचल्यासारखं काहीतरी करत, डोळे पुसत गेली. बाहेरून पट्ट्याचा खट् असा आवाज आला.

काटकोनरावांनी हात वर करून बटण दाबलं. मशीन घुमलं, थरथरलं, पण जागेवरच राहिलं. ते उठायला निघाले तेव्हा त्यांचं लक्ष खाली गेलं. एक गुडघा फरशीवर, दुसरा पाय समोर, आणि त्या पायातल्या बुटाच्या नाड्या त्यांच्या अगदी हाताशी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच पहिली गाठ मारली. मग गुडघे बदलून दुसरी. एक फार घट्ट झाली, एक ढिली, पण दोन्ही त्यांच्या होत्या.

मशीनवर हात टेकून ते उठले आणि अर्ध्यावर आल्यावर तोंडातून आपसूक निघालं, "आई गं."

बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. अगदी सरळ, एकही अक्षर न थरथरता.

"उठताना चौकट धरायची. डावीकडची."

काटकोनरावांनी डावीकडची चौकट धरली. हाताच्या उंचीवर तिथलं लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं.